मासे सोडलेलं गाव

या गावाचं नाव मी सांगणार नाही. तसा शब्द मी तिथल्या पाटलांना दिला आहे, आणि तो का द्यावा लागला हे पुढे येईलच. ज्यांना जायचंच असेल त्यांनी हिंगोलीहून नरसीची वाट धरावी आणि कयाधू नदीचा काठ सोडू नये. कुठल्याशा वळणावर ते गाव आहे. पाहण्यासारखं तिथे काही नाही. एक डोह आहे, आणि त्याला बांधाशेजारी दगडाचा एक जिना आहे. तो माणसांसाठी नाही.

मी मासे काढतो. पाण्यातून नव्हे, कागदावर. शास्त्रज्ञांच्या पुस्तकांत माशांची रंगीत चित्रं असतात, ती माझ्यासारख्या कुणीतरी काढलेली असतात. मासा मेला की घटकाभरात त्याचा रंग उतरतो, म्हणून चित्रकाराला पाण्याशेजारी जाऊन बसावं लागतं. मी मूळचा मालवणकडचा, पोटासाठी मुंबईत. चित्र पुरं झालं की नमुना खायचा, हा माझा जुना नियम आहे. शास्त्राचं काम झालेलं असतं आणि मासा वाया जात नाही.

हमीदसाहेब हैदराबाद संस्थानात माशांवर संशोधन करतात. माणूस औरंगाबादचा, मराठी पुस्तकात छापावी अशी शुद्ध बोलणारा, घाई झाली की उर्दूत शिरणारा. त्यांनी बोलावलं तेव्हा वैशाख होता, युद्ध चालू होतं आणि माझ्या पेटीत नारिंगी रंगाची नळी चेपून चेपून कागदासारखी झाली होती. विलायती रंग बाजारात नव्हते. तरीही मी निघालो, कारण नदीची मरळ मी कधी खाल्ली नव्हती.

हिंगोली

पूर्णेहून येणारा रेल्वेचा फाटा हिंगोलीला संपतो. त्यामुळे उतरायचं विसरण्याची भीती नाही. हमीदसाहेब फलाटावर उभे होते. डोक्यावर रुमी टोपी, अंगात खाकी कोट आणि पायांत गुडघ्यापर्यंत रबरी बूट. बाहेर एवढं ऊन होतं की टांग्याचा घोडासुद्धा भिंतीला तोंड लावून उभा होता. मी बुटांकडे पाहिलं. "पाण्यात उतरावं लागतं," साहेब म्हणाले. पाणी तिथून बरंच लांब होतं.

स्टेशनसमोरच्या हॉटेलात चहा घेताना त्यांनी मला आपलं काम समजावलं. उन्हाळ्यात कयाधू वाहत नाही. नदी म्हणजे नुसती वाळू, आणि वाळूत मधेमधे डोह. सगळे मासे या डोहांत जीव धरून बसतात आणि पाऊस पडला की तेच पुन्हा नदीभर होतात. आता डोंगरावरची झाडी तुटली, वाळू वाहून येते, डोह भरत चालले. डोह भरला की मासा संपला. म्हणून साहेबांनी एक डोह निवडला. मजूर लावून त्यातली वाळू काढली. पिल्लांना लपायला जागा हवी म्हणून तळाशी दगडांचे ढीग घातले आणि बाभळीच्या फांद्या बुडवल्या. खाली एक जुना बांध होता, त्यावरून पुराच्या पाण्यात मासे चढू शकत नव्हते. तिथे एका अंगाला पायऱ्यापायऱ्यांची वाट काढली. सगळ्यात शेवटी गावाला हुकूम दिला: पाऊसकाळ सरताना ओढ्यांत आणि शेतातल्या डबक्यांत जी पिल्लं अडकून मरतात, ती सर्व गावकऱ्यांनी गोळा करावीत आणि डोहात सोडावीत.

"मग सोडली का?" मी विचारलं.

"तेच पाहायचं आहे. हुकूम निघाला आणि मला हिवताप चढला. त्यानंतर आजच येतो आहे." साहेबांनी बशीतला चहा संपवला. "खेड्यातली माणसं ऐकतात की नाही, हा माझ्या संशोधनाचा अर्धा भाग आहे."

नरसी

बैलांची दमणी करून आम्ही निघालो. दोन्हीकडे नांगरून टाकलेली काळी रानं, मधून एखादं कडुलिंबाचं झाड, आणि वाटेवरचा फुफाटा. आमच्याकडे बैलगाडीतून जाताना माणूस हिरवं बघून कंटाळतो. इथे मी काळं बघून कंटाळलो आणि मग त्या काळ्यातही निळा, तपकिरी, जांभळा असे रंग दिसायला लागले. वेळ बरा गेला.

नरसीला बैल सोडले. नामदेवांचं जन्मगाव, म्हणून यात्रेकरूंची दुकानं आहेत: बुक्का, तुळशीच्या माळा, चुरमुरे. माळा विकणाऱ्याने कुठे चाललात विचारलं. गावाचं नाव सांगताच त्याने हात जोडले.

"लई धार्मिक गाव झालं बघा ते. औंदा माझ्या निम्म्या माळा तिकडंच गेल्या. काय किरपा झाली कोनाला ठाव."

हमीदसाहेबांनी नम्रपणे ऐकून घेतलं. शास्त्राचा धर्माशी झगडा नाही, असं ते मला दमणीत चढताना म्हणाले.

पाटलांची ओसरी

गोविंदराव पाटील हा उंच, हाडापेराने मोठा माणूस. मिशा पांढऱ्या, गळ्यात नवी कोरी तुळशीची माळ. त्यांनी आमची उत्तम सोय केली. पहिल्या जेवणाला ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, ठेचा. दुसऱ्या जेवणाला भाकरी आणि येसराची आमटी. तिसऱ्याला पुन्हा अंबाडी. येसर हा मराठवाड्याचा भाजून दळलेला मसाला. त्याची आमटी मला अजून आठवते, चांगल्या अर्थाने. पण नदीकाठच्या गावात, माशांच्या कामासाठी आलेल्या पाहुण्याला तीन वेळा मासा दिसू नये, हे मालवणी माणसाला आजारपणासारखं वाटतं.

तिसऱ्या जेवणाच्या वेळी हमीदसाहेबांनी कामाचा विषय काढला. ओसरीवर पाच-सात मंडळी होती. त्यांत कादरभाई होते. हे गावातले जुने रहिवासी, बांगड्यांचा धंदा, थोडी जमीन.

"पाटील, हुकमाप्रमाणे मासे सोडले का?"

"सोडले की साहेब. दवंडी झाली त्याच दिसापासून."

"सगळ्यांनी?"

"समद्यांनी. लेकरापासून म्हाताऱ्यापर्यंत. आमच्या मायनं तर माळ घालून सोडले."

साहेब गहिवरले. मग खालच्या आवाजात मला म्हणाले, "हार घालून, परुळेकर. माशांना हार घालून."

मी अंबाडीत होतो. मी मान हलवली.

"तकलीफ झाली असेल," साहेब म्हणाले.

"पैल्या पैल्यानं लई झाली. सपनात यायचे."

"कोण?"

"मासे." पाटलांनी सुस्कारा टाकला. "आता सवय पडली."

"कादरभाई, तुम्हीसुद्धा सोडले?"

"सरकारी हुकूम हाय साहेब. हमने भी छोड दी." कादरभाईंनी दाढीवरून हात फिरवला. "बकरा चालू हाय. बकऱ्याचं हुकमात काय न्हवतं."

हमीदसाहेबांना बकऱ्याचा संदर्भ लागला नाही, पण आनंदाच्या भरात माणूस असल्या गोष्टींकडे पाहत नाही. मला तो लागायला हवा होता. उर्दूत 'मछली छोडना' म्हणा की मराठीत 'मासे सोडणे' म्हणा, दोन्ही भाषांनी एकच खड्डा खणून ठेवला आहे. मला ठसका लागला होता आणि मी पाणी पीत होतो.

डोह

सकाळी डोहावर गेलो आणि साहेबांचे रबरी बूट प्रथमच कामी आले. एवढ्या उन्हाळ्यात कमरेच्या वर पाणी होतं. काठाला जांभळीची सावली, मधे बाभळीच्या बुडवलेल्या फांद्यांची टोकं, आणि पाण्यात मासेच मासे. झिंगे काठाशी लागले होते. शिंगटी तळाचा गाळ ढवळत होत्या. एक वाम दगडाच्या फटीतून अर्धी बाहेर येऊन विचार करत होती. आणि फांद्यांच्या जवळ, पाण्याच्या अगदी वर, नारिंगी रंगाचा एक गोळा हळूहळू सरकत होता. ती मरळीची पिल्लं. शेकड्यांनी एकत्र फिरतात, वर श्वास घ्यायला येतात आणि त्यांची आई त्यांच्याखाली अंधारात उभी असते. रानावनातून फिरून मला पहिल्यांदाच नारिंगी रंग दिसला होता आणि तोच माझ्या पेटीत नव्हता.

साहेब बांधाच्या पायऱ्या मोजून आले. पायऱ्या शाबूत होत्या. पाटलांच्या घराला जिना नाही आणि माशांना झाला, असं गावात म्हणत असल्याचं त्यांनी मला अभिमानाने सांगितलं. मग ते काठावर बसले आणि म्हणाले, "परुळेकर, मी सात-आठ डोह पाहिले आहेत. असा एकही नाही. हे मी हैदराबादला दाखवलं तर दर तालुक्याला एक डोह मिळेल."

तेवढ्यात मागून आवाज आला. "तुमीच का मासे सोडाया लावनारे?"

जांभळीखाली एक बाई उभी होती. चाळिशीची, नऊवारीचा काष्टा मारलेला, डोक्यावर भिजून वाळलेलं जाळं. पाठीमागे तिचा नवरा बैलाच्या पाठीवर गाठोडी बांधत होता. ती सारजाबाई भोईण. डोहावरचा मासेमारीचा हक्क तिच्या घराचा होता, सासऱ्याच्या आजोबापासून.

"होय," हमीदसाहेब उठून उभे राहिले. अशा प्रसंगी माणूस आपोआप थोडा ताठ होतो. "मीच."

"मंग माज्या घरात या आन् चूल पेटवून दावा."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी विचारलं, "काय झालं, बाई?"

"काय व्हायचं राहिलं? समदं गाव मासे सोडून बसलं. टोपलं घिऊन दारी गेलं की दार लावत्यात. पाटलाची माय म्हनती, सावली पाडू नको, माळ घातली मी. लमानाच्या तांड्यावर दवंडी पोचली न्हाई म्हून तांडा मासे खायचा. त्येंच्या जवारीवर दिस काढले. आता तांडा बी कामाला गेला खाली. आमी चाललो पूर्णेला, रेल्वेत कोळसा भराया." तिने जाळं खाली टाकलं. "भोयानं कोळसा भराया. सरकारला मासं नको झालं काहून? एवढं इचारते अन् जाते."

 पाण्यातला नारिंगी गोळा फांद्यांच्या आड गेला. हमीदसाहेबांच्या तोंडावर हुकमातलं एकेक वाक्य उलगडत गेलेलं मला दिसलं. ते पुन्हा खाली बसले, बुटांसकट, ओल्यातच.

"मी म्हणालो होतो, डोहात सोडा," ते म्हणाले.

"डव्हाचं नाव बी न्हवतं," सारजाबाई म्हणाली. "धोंडबाला इचारा."

धोंडबा हा गावचा दवंडी देणारा. त्याला बोलावून आणलं. त्याला काहीही आठवायला वेळ लागला नाही. "लई लांब हुकूम व्हता साहेब. वढे, डबकी, पिल्लं, डव्ह. एवढं वरडत गाव फिरायचं म्हंजे नरडं फाटंल. म्या मतलब घेतला. समद्यांनी मासे सोडायचे."

मतलब बराबर होता. त्यात चूक काढता येईना.

चावडी

दुपारभर आम्ही चावडीत बसलो. माझा अंदाज होता की हमीदसाहेब आधी स्वतःच्या संशोधनाचं रडतील, आणि तसं रडायला जागाही होती. डोहात मासे वाढले होते, पण ते फांद्यांनी वाढले, पायऱ्यांनी वाढले, की धोंडबाच्या दवंडीने, हे आता कोण सांगणार. "माझा अर्धा प्रयोग या गावाने केला आणि मला सांगितलं नाही," एवढंच ते एकदा म्हणाले. मग म्हणाले, "ती बाई पूर्णेला जाता कामा नये." मला हा माणूस त्या क्षणी फार आवडला. अजून आवडतो.

अडचण दोन बाजूंनी होती. हुकूम मागे घेतला नाही तर भोई उपाशी. मागे घेतला, तर कित्येक महिने मासे स्वप्नात पाहणारं गाव आणि कमरेएवढ्या पाण्यात कोंडलेले मासे. उन्हाळ्यात त्या बाजूला हिंगणाची फळं ठेचून डोहात टाकायची रीत होती. पाण्याला फेस येतो, मासे गुंगून वर येतात आणि लहानमोठं सगळं एका सकाळी टोपल्यांत भरून जातं. पुढे पाऊस येतो तेव्हा नदीत सोडायला काही उरत नाही.

पाटलांचं म्हणणं आणखी वेगळं होतं. "साहेब, नरसीला आमच्या गावाचं नाव झालं. आता मासे खा म्हनलं तर लोक काय म्हनतील?"

"तुम्हांला काय वाटतं?" मी विचारलं.

पाटलांनी माळेचे मणी चाचपले. "मला वाम आवडती," ते म्हणाले.

शेवटी हुकूम ठरला. मी तो सोप्या मराठीत मांडला: मासे खाण्यावर सरकारची बंदी नाही, कधी नव्हती. डोहातले मासे भोयांनीच धरावेत, इतरांनी त्यांच्याकडून विकत घ्यावेत. पाण्यात हिंगण टाकू नये. पहिला पाऊस आला की काही दिवस डोहाला कुणी हात लावू नये. कादरभाईंना वाचून दाखवला. ते म्हणाले, समजला. पाटील म्हणाले, समजला. धोंडबाने तो तीनदा म्हणवून घेतला, डोळे मिटून ओठ हलवले, आणि हलगी गळ्यात अडकवून निघाला. लोक घरी असावेत म्हणून आम्ही त्याला ऊन उतरेपर्यंत थांबवून ठेवलं होतं. मुंबईत मी सरकारी जाहिरातींची चित्रंही काढली आहेत. इतकी काळजी घेतलेली जाहिरात माझ्या पाहण्यात नाही.

आम्ही चहा घेतला. वेशीकडून हलगी वाजली. मग धोंडबाचा आवाज, लांब, स्वच्छ, आणि त्याच्या नरड्याला परवडेल एवढाच.

"ऐका हो ऐका. पैला हुकूम रद्द हाये. आता समद्यांनी मासे धरायचे होऽ."

पाटलांच्या हातातली बशी तिथेच राहिली. सोडण्याच्या उलट धरणं. शाळेत हेच शिकवतात.

पुन्हा डोह

आम्ही पोचेपर्यंत गाव पुढे निघालं होतं. माणसं, बायका, म्हाताऱ्या. टोपल्या, धोतरं, चाळण्या, एकाने तर पाळण्याची झोळी आणली होती. हमीदसाहेब धावताना त्यांचा एक बूट चिखलात रुतून राहिला आणि ते उरलेल्या बुटाने पुढे गेले. कादरभाई आमच्या पुढे होते. त्यांच्या खांद्यावर गोणी होती आणि गोणीत हिंगण होतं. समजला म्हणणारे कादरभाई हेच.

डोहाच्या बांधावर सारजाबाई उभी होती. ऊन उतरल्यावर ती निघाली होती आणि दवंडी ऐकून वाटेतूनच परत फिरली होती. बैल मागे उभा, गाठोडी तशीच पाठीवर. तिने जाळं हातात घेतलं होतं, पण फेकलं नव्हतं.

"थांबा," ती म्हणाली. ती ओरडली नाही. गर्दी थांबली, कारण बांधावरून पाण्यात उतरायची वाट एकच होती आणि तिच्यात ती होती.

"सरकारचा हुकूम हाय, सारजे," मागून कुणीतरी म्हणालं. "समद्यांनी धरायचे."

"व्हय? मंग पालखी कोन धरतं गावची? पाटलाच्या लग्नात पालखी धराया माजा सासरा आन् त्येचे तिघं भाऊ व्हते. तवा कोनी म्हनलं न्हाई, आमी बी खांदा देतो. पावसाळ्यात नदीतून बाळंतीन नेताना कावड कोन धरतं?" ती एकेकाकडे बघत होती. "गावानं मासे सोडले. आमी काय बोललो न्हाई. सोडाया काय, कोनी बी सोडंल. धराया भोई लागतो."

मी पाटलांकडे पाहिलं. पाटील स्वतःच्या पायांकडे पाहत होते. पालखीत बसून ते याच वाटेने वाजतगाजत गेले होते.

"धोंडबा," त्यांनी हाक मारली. धोंडबा हलगीसकट आला होता. त्याच्याकडेही टोपली होती. "हुकमात कोनी धरायचे म्हनलं व्हतं?"

धोंडबाने डोळे मिटले. ओठ हलले. "भोयानं," तो म्हणाला.

"मंग तेवढं काहून गाळलं?"

"लई लांब झालं असतं."

कुणीतरी हसलं. मग पुष्कळ जण हसले. कादरभाईंनी गोणी खांद्यावरून उतरवली आणि सावकाश, जणू त्यात दुसरंच काही होतं, आपल्या पायामागे सरकवली. सारजाबाईने ती पाहिली होती. ती म्हणाली, "कादरभाई, ते घरला न्या. सर्दीला भिजवून प्या."

सर्दीला गोणीभर हिंगण लागत नाही. ते कादरभाईंनाही माहीत होतं. त्यांनी गोणी उचलली आणि गेले.

त्या संध्याकाळी सारजाबाईने आणि तिच्या नवऱ्याने मोठ्या भोकांचं जाळं फेकलं आणि बांधावर बसून गावाला मासे विकले. बैलावरची गाठोडी कुणी केव्हा सोडली, ते माझ्या लक्षात आलं नाही. फांद्यांच्या बाजूला जाळं टाकू नका, अशी हमीदसाहेबांनी विनवणी केली. ती म्हणाली, "तिकडं कोन टाकतंय? काट्यात जाळं फाटतं." साहेबांनी तिला सहकार्याबद्दल धन्यवाद दिले.

पाटलांनी वाम नेली. घरी जाताना वेशीत त्यांनी मला बाजूला घेतलं. "नरसीला बोलू नका," ते म्हणाले. "आन् कुठं लिहिलं तर गावाचं नाव टाकू नका." मी शब्द दिला. त्यांच्या मायने मात्र माळ उतरवली नाही. देवाशी झालेला सौदा धोंडबाच्या सांगण्यावरून मोडत नाही, असं ती म्हणाली. ते मला पटलं.

मरळ

माझ्या वाट्याला त्या संध्याकाळी काही आलं नाही. टोपलं माझ्यापर्यंत येईस्तोवर संपलं, आणि पाटलांनी आपली वाम मायच्या धाकाने आत गुपचूप खाल्ली. सारजाबाईने विचारलं, "तुमी काय करता वो, फुकट उभं राहून?"

"मी मासे काढतो."

"जाळं कुठंय?"

मी चित्रं दाखवली. तिने एकेक पान उलटून पाहिलं, वामीवर बोट ठेवून "वली दिसती" म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घंगाळात पाणी घेऊन आली. घंगाळात मरळ होती. हातभर लांब, पाठ काळी-हिरवी, पोटाला मेणासारखा पिवळट रंग, आणि चित्रकाराकडे बघणारे अत्यंत नाराज डोळे. मरळ हवा घेते, त्यामुळे घंगाळात बराच वेळ तग धरते. अशी नमुना म्हणून बसायला तयार असलेली मासळी मला कधी मिळाली नव्हती.

"घ्या काढून," सारजाबाई म्हणाली. "पन बेगीन. तिची लेकरं वर फिरून राहिली. ती न्हाई म्हनल्यावर वाम खाईल त्येंना."

मी रंगवायला बसलो. पाठीचा हिरवा जमला. पोटाचा पिवळा जमला. शेजारी पिल्लांचा गोळा काढायचा होता आणि नारिंगीची नळी कापून उघडली तरी काही निघेना. पाटलांनी मारुतीच्या देवळातून चिमूटभर शेंदूर आणून दिला. गोंदात कालवला, आणि अगदी तोच रंग. शास्त्रज्ञांच्या पुस्तकात पुढे कधी मरळीची पिल्लं दिसली तर ती मारुतीच्या कृपेने आहेत. पानाखाली तसं लिहिणार नाहीत.

चित्र पुरं झालं. नियमाप्रमाणे पुढची पायरी होती. मला भूक लागली होती, आणि नुसती पोटाची नव्हती. अंबाडीची, येसराची, पाटलांच्या घरातून रात्री आलेल्या वामीच्या वासाची.   सारजाबाई बांधावर बसून जाळ्याची भोकं सांधत होती आणि माझ्याकडे पाहत नव्हती. मरळ माझ्याकडे पाहत होती.

मी घंगाळ उचललं, पाण्यात गुडघाभर शिरलो आणि ते तिरपं केलं. मरळ क्षणभर तिथेच थांबली. मग शेपटीचा एक फटका, आणि ती फांद्यांकडे गेली. नारिंगी गोळा तिच्यावर येऊन थांबला. माझे डोळे भरून आले होते. भुकेनेही येतात. पण ती भूक नव्हती.

"सोडली," सारजाबाई म्हणाली, आणि सुतळी दाताने तोडली.

मुंबई

घरी आलो. बायकोने पाणी दिलं आणि पहिला प्रश्न विचारला तो मालवणी माणसाच्या बायकोने विचारावा तसाच. "नदीचे मासे कसे लागतात?"

मी प्रवासाने आंबलो होतो. "कसले मासे," म्हटलं. "सोडले."

 दुसऱ्या दिवशी पानात भोपळा होता. तिसऱ्या दिवशी दोडका. मी समजलो, युद्धामुळे बाजारात मासे नसतील. चौथ्या दिवशी दारात मोठा आवाज झाला. आमच्या दारावर वर्षानुवर्षं येणारी कोळीण टोपली घेऊन उभी होती, आणि बायको तिला हळू आवाजात समजावत होती: हे नामदेवांच्या गावाकडे जाऊन आले, तेव्हापासून यांनी सोडले, आता आमच्याकडे येऊ नकोस.

"आसा कसा सोडलान?" कोळणीने मला पाहून विचारलं. कमरेवर हात, नजर सरळ. सारजाबाई मराठवाड्यात होती म्हणून, नाहीतर तीच आली असं मला वाटलं असतं. "आमी कोनाला खायला घालाचा मंग?"

मी काही म्हणण्याआधी थांबलो. सोडले नाहीत म्हणावं, तर काय सोडले नाहीत? धरले म्हणावं, तर आणखीनच पंचाईत. मी तिची टोपली उंबऱ्याच्या आत घेतली, तिच्यासमोर जमिनीवर बसलो, आणि एकेक शब्द सुटा करून सांगितलं, "बाई, मी मासे खातो."